दुसऱ्या गावची कणगी

नागपंचमीला अक्का माहेरी आली की आमच्या घरात एक काम ठरलेलं असतं. त्या दिवशी नांगर-वखर बंद, विळी-सुरी बंद, त्यामुळे दुपार मोकळीच. पुरणाचे दिंड खाऊन सगळी जरा सुस्तावली, की अक्का पिशवीत हात घालते आणि कुंकवाची एक जुनी पितळी डबी काढून माझ्या हातावर ठेवते. डबीत कुंकू नसतं. कापसात गुंडाळलेलं, करंगळीच्या नखाएवढं मोबाईलचं कार्ड असतं. मी ते कंप्यूटरला लावतो, नीट वाजतं का बघतो आणि वर्षभरात जमलेलं नवं-जुनं सगळं भरलेलं दुसरं कार्ड त्याच डबीत घालून तिला परत देतो. आमच्या घरची मंडळी याला 'कार्डाची ओटी भरणं' म्हणतात.

ही ओटी कशी सुरू झाली ते सांगायचं तर माझ्या हातून झालेला एक मूर्खपणा आधी सांगितला पाहिजे.

मला जात्यावरच्या ओव्या लिहून घ्यायचा नाद आहे. नाद म्हणजे नादच. त्यात पैसा नाही, मान नाही, आणि सुगीच्या दिवसांत बायकोची बोलणी तेवढी आहेत. आमचं गाव माजलगाव तालुक्यात. मी लहान असताना पहाटे जात्याच्या घरघरीनंच जाग यायची. पुढं गावात पिठाची गिरणी आली आणि जाती कोपऱ्यात गेली. आता जातं निघतं ते लग्नाच्या हळदीला, तेही पाच सवाष्णींनी पाच मुठी फिरवण्यापुरतं. पण आईला ओव्या येत होत्या. दोन-चार नव्हे, एकीतून दुसरी अशा निघतच राहायच्या. रामाच्या, पंढरीच्या, भावाच्या, बैलांच्या, सासरच्या. आणि काही अशा, की त्या म्हणताना ती माझ्याकडं बघायची नाही.

मी वहीत लिहून घेऊ लागलो. आईच्या झाल्या, मग चुलत्यांच्या, मग वाड्यावस्तीवरच्या म्हाताऱ्यांच्या. अकरा वह्या झाल्या. थोरल्याच्या शिक्षणासाठी २००९ साली जुना कंप्यूटर घेतला होता. तो पुण्याला नोकरीला गेला आणि कंप्यूटर मला राहिला. दोन बोटांनी टाइप करत करत मी चार वर्षांत सगळ्या वह्या त्यात उतरवल्या. दरम्यान हातात मोबाईल आला, तेव्हा २०१३ पासून आईचा आवाजही भरून घेऊ लागलो. ओवी कागदावर आली म्हणजे निम्मीच आली. तिची चाल, मधला श्वास, शेवटचा लांबवलेला सूर हे कुठल्या वहीत बसणार? जातं पुढ्यात घेतल्याशिवाय आईला आठवायचं नाही, म्हणून ते परत बसवलं. दाणे न टाकता रिकामं जातं फिरवलं की दगड झिजतो म्हणून ती चिडायची, तेव्हा पसाभर ज्वारी टाकायचो. त्या सगळ्या आवाजांत मागून जात्याची घरघर आहे.

आणि वह्या? खरं सांगतो, वह्या मी जपल्या नाहीत. कंप्यूटरात सगळं आलं, आता कागद कशाला, असं वाटलं. काहींचे कागद पोरांनी पतंगाला लावले, काही एका पावसाळ्यात चूल पेटवायला गेले. अकरा वह्यांतल्या दोन राहिल्या, त्याही माळवदाच्या कोनाड्यात विसरल्या होत्या म्हणून.

आई २०१६ च्या माघात गेली. तिच्या एक्केचाळीस फाइली माझ्याकडं होत्या. मन लागेना तेव्हा एखादी लावायचो, पण फार वेळा नाही. आहेच की घरात, असं वाटायचं.

२०१८ च्या मृगात एका संध्याकाळी वीज कडाडली. लाईट गेली, आली, परत गेली. मी वायर काढायला उठेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर पडदा काळा. डबा गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर तालुक्याला नेला. दुकानातल्या पोरानं उघडून पाहिलं आणि विचारलं, "काका, डेटा ठेवायचाय का?"

मला वाटलं हा काहीतरी वरचा खर्च सांगतोय. म्हणालो, "ते काय ते तुम्ही बघा, नीट चालेल असं नवंकोरं करून द्या."

त्यानं नवंकोरं करून दिलं. घरी आणून लावला तर घर रिकामं करून शेणानं सारवून काढावं तसा सगळा पडदा स्वच्छ. ना ओव्या, ना आई. त्या पोराला मी काय बोल लावणार? त्यानं विचारलं होतं, मला प्रश्नच कळला नव्हता.

थोरल्याला फोन केला. तो म्हणाला, "अण्णा, आता त्याला हात लावू नका. चालूच करू नका." का, ते त्यानं सांगितलं, आणि ते आपल्यासारख्यांना चटकन समजण्यासारखं आहे. कंप्यूटरच्या पोटात हार्ड डिस्क असते. एका डबीत चकचकीत तबकड्या, मिनिटाला पाच-सात हजार फेरे फिरणाऱ्या. त्यांच्यावर केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर एक टोक तरंगत असतं, ते लिहितं आणि वाचतं. कुठली फाइल कुठं लिहिली आहे याची एक नोंदवही त्याच डिस्कवर असते. आपण फाइल पुसतो किंवा ते पोरगं डिस्क 'नवी' करतं, तेव्हा बहुतेक वेळा आधी जाते ती नोंद. सातबाऱ्यावरून नाव गेलं तरी रान जागच्या जागी असतं, तसं. पण नाव नाही म्हटल्यावर ते रान पडीक समजून कंप्यूटर तिथं दुसरं काही पेरतो. एकदा तिथं नवं लिहिलं गेलं की जुनं कायमचं गेलं. म्हणून चुकून काही पुसलं गेलं तर पहिली गोष्ट म्हणजे ते यंत्र बंद करून ठेवायचं. हल्ली एसएसडी नावाच्या बिनतबकडीच्या डिस्का येतात, त्यांत ही आशाही फारशी राहत नाही, कारण पुसलेली जागा त्या स्वतःच साफ करून ठेवतात.

माझ्या रानात विंडोजची नवी पेरणी होऊन गेली होती. थोरल्यानं पुण्यात अशी कामं करणाऱ्याकडं डिस्क दिली. एका दुभत्या शेळीची किंमत गेली. टाइप केलेलं बरंच परत आलं, पण नावं गेलेली. हजारो तुकडे, कोण कुणाची ओवी कळेना. आवाज मात्र मोठे असतात, त्यांना जागा जास्त लागते, तेवढे ते जास्त ठिकाणी चिरडले गेले. आईच्या एक्केचाळीसपैकी तीन मिळाले. त्यांतले दोन मधेच तुटायचे. तिसऱ्यात ती शेवटी म्हणते, "बास रं आता, भाकरी करपली." एवढंच धड राहिलं.

अक्काला मी दोन महिने काही सांगितलं नाही. अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दाजी होते तोवर दोघं दर साली कोयता घेऊन जायची. दसरा झाला की गाडी भरायची, कारखान्याच्या रानात पाल नाहीतर कोपी टाकायची आणि पाडव्याच्या पुढं-मागं परतायचं. आपल्या बीड जिल्ह्यातल्या किती घरांचं हेच पंचांग आहे, ते मी वाचकांना सांगायला नको. त्या साली ती पंचमीला आली आणि तिनं माझं तोंड पाहूनच विचारलं, "काय झालं रं बापू?"

मी सांगितलं. आईचा आवाज गेला, माझ्या हातानं गेला.

ती जराशी गप्प राहिली. मग म्हणाली, "कोन्ता आवाज? माझ्याकडं हाय की."

मी विसरून गेलो होतो. २०१५ च्या दसऱ्याला ती निघाली तेव्हा तिच्या साध्या बटणाच्या मोबाईलमध्ये मी एक कार्ड घालून दिलं होतं. त्यात भजनं, दोन-चार सिनेमाची गाणी आणि उरल्या जागेत आईच्या ओव्या. मला वाटलं होतं, ती ऐकेल न ऐकेल. ती मात्र तीन हंगाम रोज रात्री कोपीत निजताना तेच लावत होती. मोबाईल पाण्यात पडून गेला, पण कार्ड काढून तिनं कुंकवाच्या डबीत ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी भाचा जाऊन घेऊन आला. एकोणीस फाइली निघाल्या. एकोणीसच्या एकोणीस धड.

त्या दिवशी मला मामाच्या गावची कणगी आठवली. आमची आई ज्वारीचं बियाणं दोन जागी ठेवायची. खळ्यावर भरदार कणसं निवडून घ्यायची, राख आणि कडुनिंबाचा पाला मिसळून एक कणगी घरात लिंपून ठेवायची आणि पायलीभर बियाणं सिंदफणेपलीकडं आपल्या भावाकडं पोचतं करायची. वडील म्हणायचे, "घरात जागा असताना बी लोकाच्या घरी कशाला?" आई म्हणायची, "घर जळतं, पानी शिरतं. आन् पोरं उपाशी असली की आईच कनगी फोडती."

१९७२ ला तसंच झालं. मी तेव्हा आठ वर्षांचा. दुष्काळी कामावर खडी फोडायची, सुकडी खायची, बाहेरून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी करायच्या. तरी एका आठवड्यात घरात काहीच उरलं नाही, तेव्हा आईनं स्वतः ती कणगी फोडली आणि बी धुऊन, वाळवून दळलं. त्या दिवशी जात्यावर तिनं ओवी म्हटली नाही, हे अक्काला अजून आठवतं. १९७३ ला पाऊस चांगला झाला. रब्बीला चाड्यावर मूठ धरली ती मामाकडच्या बियाण्यानं.

तेव्हा बॅकअप हा शब्द मी नवा शिकलो, पण वस्तू घरातलीच होती. फक्त बियाण्याच्या बाबतीत जे आईला कळत होतं ते मला तिच्याच आवाजाच्या बाबतीत कळलं नव्हतं.

या सगळ्या काळात थोरल्यानं मला आणखी एक गोष्ट दाखवली. माझा समज होता की ओव्या गोळा करणारा येडा मी एकटाच. तर पुण्यात गी पॉइतवँ नावाचे एक गृहस्थ होते. जन्मानं फ्रेंच, पण १९७२ पासून पुण्यात राहिले आणि इथलेच झाले. त्यांनी आणि हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. गावोगावच्या बायकांकडून ऐकून हातानं लिहून घ्यायच्या. वीसेक वर्षांत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल हे फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतले कंप्यूटर आणि संगीत दोन्ही जाणणारे गृहस्थ त्यांना येऊन मिळाले. त्यांनी लिहिलेलं सगळं कंप्यूटरात बसवलं आणि शंभराहून जास्त तासांचे आवाजही भरून घेतले.

यात आपला बीड जिल्हाही आहे. १९९६ साली ही मंडळी माजलगावला आली आणि तिथल्या भीमनगर वस्तीतल्या बायकांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यांना म्हणून दाखवल्या. मी तेव्हा आठ-दहा कोसांवर कापूस वेचत होतो आणि मला पत्ता नव्हता. त्या ओव्या आजही ऐकता येतात. कशा? तर ते आवाज एका घरात राहिले नाहीत. हरियाणात गुरुग्रामला लोकसंगीताचा एक मोठा संग्रह आहे, तिथं ते ठेवले गेले. पुढं बेल यांनी ते फ्रान्समध्ये एक्स-अँ-प्रोव्हान्स या गावी नेऊन तिथल्या संग्रहातही ठेवले. पॉइतवँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. मूळ माणसं गेल्यावर संग्रह पोरका होतो, पेटाऱ्याला वाळवी लागते, हे नेहमीचंच. इथं तसं झालं नाही. दुष्काळावर लिहिणारे पी. साईनाथ यांनी 'पारी' नावाचा ग्रामीण भारताचा संग्रह इंटरनेटवर सुरू केला, त्यांनी या ओव्या घेतल्या आणि २०१७ पासून त्या मराठीत, इंग्रजीत, आवाजासकट सगळ्यांसाठी खुल्या केल्या. कागद, कंप्यूटर, गुरुग्राम, फ्रान्स, पारी. मामाच्या गावच्या किती कणग्या झाल्या बघा.

याच्या उलट गोष्टही आपल्याकडंच घडलेली आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून, ऐकणाऱ्यांना भेटून गोळा केल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला खिलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत ती मूळ पोथी नाहीशी झाली. पंथातल्या माणसांनी पाठ असलेल्या लीळा आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला. पण एकाच्या आठवणीत एक शब्द, दुसऱ्याच्या आठवणीत दुसरा, म्हणून आज लीळाचरित्राचे एकाहून जास्त पाठ आहेत आणि मूळ कोणता यावर पंडित अजून खल करतात. माझ्या नाव हरवलेल्या ओव्यांच्या तुकड्यांचं तेच झालं आहे. ही आईची की धाकट्या चुलतीची, यावर अक्का आणि मी तासतास भांडतो.

महानुभावांचीच दुसरी एक गोष्ट सांगून ठेवतो. पुढं त्यांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले. पोथ्या शेकडो वर्षं जपल्या गेल्या, पण किल्ली पंथाबाहेर नव्हती, त्यामुळे बाकी महाराष्ट्राला त्या असून नसल्यासारख्या होत्या. विसाव्या शतकात राजवाडे, भावे अशा अभ्यासकांच्या हाती ती किल्ली आली तेव्हा कुठं ते भांडार उघडलं. आपण हल्ली जो तो पासवर्ड लावतो आणि कुणाला सांगत नाही, तेव्हा मला हे आठवतं. माझा पासवर्ड मी बँकेच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. शहाणी माणसं हसतील. पण मी गेल्यावर माझ्या पोरांना एखादे राजवाडे कुठं मिळणार?

आता मी काय करतो ते सांगतो. अमेरिकेत पीटर क्रोग नावाचे एक फोटोग्राफर आहेत. फोटो सांभाळण्यासाठी त्यांनी एक सोपा हिशेब सांगितला, तो जगभर चालतो : कुठल्याही वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. आईनं हा हिशेब कधी ऐकला नव्हता, आणि खरं तर तिसरी प्रतही तिच्याकडं नव्हती, पण दुसरं गाव तिनं सोडलं नाही.

माझी पहिली प्रत कंप्यूटरात. दुसरी एका बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवर. ही डिस्क मी दर पौर्णिमेला लावतो, नवं भरतो आणि काढून पेटीत ठेवतो. ती कायम लावून ठेवायची नाही. एक तर वीज पडली की दोन्ही एकदम जातील. दुसरं म्हणजे कंप्यूटरात असे विषाणू शिरतात की फाइलींना कुलूप घालून खंडणी मागतात, आणि लावलेल्या डिस्केलाही ते सोडत नाहीत. तिसरी प्रत अक्काच्या डबीत. कार्डावर आणि पेन ड्राइव्हवर मी पुरता विसंबत नाही. त्यात फिरणारं काही नसतं, पडलं तरी बहुधा टिकतं, पण आत वीज कोंडून ठेवलेली असते आणि वर्षानुवर्षं न लावता ठेवलं तर ती हळूहळू पाझरून जाऊ शकते. रांजणातलं पाणी जातं तसं. म्हणून दर पंचमीला अदलाबदल.

थोरल्यानं एक प्रत इंटरनेटवरही ठेवली आहे. गूगलच्या खात्यात पंधरा जीबीपर्यंत फुकट जागा मिळते. त्याला क्लाउड म्हणतात, म्हणजे ढग. आम्हा बीडकरांचा ढगावर फारसा भरवसा नाही, हे त्याला सांगितलं तर तो हसला. पण एक खरी गोष्ट सांगतो. आमच्या पुतण्याच्या मोबाईलमध्ये जागा संपली म्हणून त्यानं लग्नाचे फोटो 'ढगात आहेतच की' म्हणून मोबाईलमधून पुसले. ते ढगातूनही गेले. कारण तिथं दुसरी प्रत नसते, एकाच आरशाची दोन तोंडं असतात. इकडं पुसलं की तिकडंही पुसलं जातं. साठ दिवस ते टोपलीत पडून असतात म्हणून परत मिळाले. एकसष्टाव्या दिवशी कळलं असतं तर नवरीला पुन्हा शालू नेसावा लागला असता.

आणि भरलेली प्रत उघडून बघायची. यावर माझा फार भर आहे. लिंपलेली कणगी बाहेरून छानच दिसते, आत किडे पडले की काय ते फोडल्यावर कळतं. १९९८ साली अमेरिकेतल्या पिक्सार या कंपनीत 'टॉय स्टोरी' या मुलांच्या सिनेमाचा दुसरा भाग तयार होत होता. कुणीतरी चुकीचा हुकूम दिला आणि त्या सिनेमाचा मोठा भाग डोळ्यांदेखत पुसला जाऊ लागला. बॅकअप होता की! पण उघडून पाहिलं तर तोच बिघडलेला, आणि कुणी कधी तपासलेला नव्हता. शेवटी सिनेमा वाचला तो तिथं काम करणाऱ्या एका बाळंतिणीमुळे. बाळ लहान म्हणून ती घरून काम करायची, त्यामुळे तिच्या घरच्या कंप्यूटरवर एक प्रत होती. म्हणतात की तो कंप्यूटर मोटारीत रजयांत गुंडाळून हळूहळू आणला. मी माझा गोधडीत नेला होता. फरक इतकाच, की त्यांचा परत येताना भरलेला आला.

३१ मार्च हा जगभर बॅकअपचा दिवस म्हणून काही लोक पाळतात. आपल्याकडं त्या दिवशी सोसायटीच्या कर्जाची धावपळ असते, तेव्हा कुणाला फाइली आठवणार? मला पौर्णिमा बरी पडते. पंचांग पाहायला लागत नाही, अंगणात कळतं. तुमच्या घरात ओव्या नसतील. भजनी मंडळाचं गाणं असेल, सुनेनं काढलेल्या रांगोळ्यांचे फोटो असतील, आजोबांनी सांगितलेल्या जुन्या पावसाच्या नोंदी असतील. एक तासाचं गाणं साधारण साठ एमबीत बसतं. माझे तीसेक तासांचे आवाज दोन जीबीत मावतात आणि ते मावणारं कार्ड थोडक्या पैशांत येतं. खर्चाचं कारण सांगायला जागा नाही. आळसाचं सांगा, मी ऐकून घेईन.

वह्याही मी पुन्हा लिहायला घेतल्या आहेत. शाईच्या पेनानं, जाड कागदावर. आतापर्यंत चार झाल्या.

तर परवाची पंचमी. डबी आली, कार्ड लावलं. अक्काला आता कमी दिसतं, पण कान शाबूत आहेत. एकोणीसातली सातवी फाइल लागली, भावाच्या ओव्यांची. ती ऐकता ऐकता मधेच म्हणाली, "हितं आई चुकली. हितं नंदीबैलाची ओवी यायची होती, ती गाळली तिनं." आणि तिनं ती म्हणून दाखवली. मी ती ओवी कधी ऐकली नव्हती. अकरा वह्यांत नव्हती, एक्केचाळीस फाइलींत नव्हती.

मी म्हणालो, "अक्का, तुला असल्या अजून किती येतात?"

"किती मंजी? येतात तेवढ्या येतात. तू कधी इचारलंस?"

दहा वर्षं मी गावभर म्हाताऱ्या शोधत फिरलो होतो.

"त्यात माझ्या पन घाल की मग," ती म्हणाली. "मी काय आईवानी म्हनत न्हाई. पन घाल."

घरच्या मंडळींनी जातं ओढून पुढं आणलं. नातवानं पसाभर ज्वारी आणली. अक्कानं पदर खोचला, खुंटा धरला आणि मी मोबाईल चालू करून तिच्यासमोर ठेवला. तेवढ्यात लाईट गेली. मोबाईलला लाईट लागत नाही. तिनं पहिला घास टाकला.